डिस्क गोल्फच्या जोड्या लावताना एक गडी उरला तर काय करता?

बाभूळबन (परभणी)
नमस्कार मंडळी. आमचा डिस्क गोल्फचा (कमीत कमी फेकीत डिस्क बास्केटपर्यंत न्यायची) रविवारी सकाळी ६ चा डाव, ९ होल. ३ ठिकाणी घडीच्या, साखळ्या लावलेल्या बास्केट, बाकी ६ ठिकाणी लिंबाच्या नाहीतर बाभळीच्या खोडाला चुन्याचे दोन पट्टे. पट्ट्यांच्या मधे डिस्क लागली की होल संपला. जोड्या पत्ते काढून लागतात आणि बेस्ट शॉट खेळतात, म्हणजे दोघांनीही फेकायचं, चांगली पडलेली डिस्क निवडायची आणि पुढची फेक दोघांनी तिथूनच करायची.

४, ६, ८ जण आले की काही अडचण नाही. ५, ७, ९ झाले की एकाला उभं राहावं लागतं, नाहीतर तिघांची टीम होते आणि तीच जिंकते. पहाटे उठून आलेल्या माणसाला झाडाखाली बसवून ठेवणं मला पटत नाही. तुमच्याकडे नेमकं काय करतात? नियम जरा सविस्तर लिहा.

गोदाकाठ (नांदेड)
कॅली द्या. अमेरिकेत जोड्यांच्या डावात एकटा उरलेला गडी याच पद्धतीने खेळतो आणि तिकडे याच नावाने सगळे ओळखतात. एकट्याला प्रत्येक होलवर एक जादा फेक. टीवरून (होल सुरू होतो ती जागा) वापरा, अप्रोचला (बास्केटजवळ नेणारी फेक) वापरा, पटला (जवळून बास्केटमध्ये टाकायची फेक) वापरा. दोन्हीतली चांगली ठेवायची. वापरली नाही तर त्या होलबरोबर संपली, पुढच्या होलवर जमा होत नाही.

हुरडा_पार्टी
तिघांची टीम नकोच. तीन तिघाडा, काम बिघाडा!

खामकाठ (छ. संभाजीनगर)
तिघांची टीम का जिंकते ते आकड्यात बघा. ८ मीटरवरून एका गड्याचा पट १० पैकी ५ वेळा बसतो असं धरा. एकट्याचे ५० टक्के. दोघांपैकी एकाचा तरी बसण्याची शक्यता ७५ टक्के. तिघांची साडेसत्याऐंशी. हे फक्त पटचं झालं. टीवरूनही तोच फायदा, अप्रोचलाही तोच, आणि तो होलागणिक साठत जातो. म्हणून सरळ तिघांची टीम ही दोघांवर अन्याय आणि जादा फेकेशिवायचा एकटा हा त्या एकट्यावर अन्याय.

मांजरा (लातूर)
कॅलीने बरोबरी होते का पण? जोडीला प्रत्येक फेकीला दोन संधी, एकट्याला अख्ख्या होलमध्ये एकच जादा. मला तर हे लै तोकडं वाटायलंय.

खामकाठ
मांजरादादा, पूर्ण बरोबरी होत नाही, पण वाटतं तेवढं अंतरही राहत नाही. साधारण ७० मीटरचा पार ३ होल (तीन फेकीत पुरा व्हावा असा) घ्या. टीवरून डिस्क बास्केटभोवतीच्या १० मीटरच्या सर्कलमध्ये पडण्याची शक्यता ३० टक्के आणि तिथून पट बसण्याची ४० टक्के धरा. म्हणजे दोन फेकीत होल, बर्डी (पारपेक्षा एक कमी).

जोडी: टीवर ५१ टक्के, पटला ६४ टक्के. दोन्ही मिळून सुमारे ३३ टक्के.
नुसता एकटा: १२ टक्के.
कॅलीवाला एकटा: पहिली फेक चांगली पडली तर जादा फेक पटसाठी राखली, वाईट पडली तर तिथेच वापरली. हिशेब येतो साडेसत्तावीस टक्क्यांच्या जवळ.

१८ होलमध्ये जोडीच्या ६ च्या आसपास बर्डी, कॅलीवाल्याच्या ५, नुसत्या एकट्याच्या २. म्हणजे फरक एका फेकीचा. रविवारच्या डावाला मी हे पुरेसं मानतो.

खरी मेख पुढे आहे. एकट्याने हट्टाने प्रत्येक वेळी जादा फेक पटलाच ठेवली तर साडेतीन बर्डी येतात. प्रत्येक वेळी टीवरच उडवली तर साडेतीनहून किंचित जास्त. फायदा परिस्थिती बघून वापरण्यात आहे, आणि नवा गडी नेमका इथेच चुकतो.

बाभूळबन
खामकाठ सर, हे लै कामाचं दिलंत. मग वापरायची कधी, याचा काही ठोकताळा आहे का?

गोदाकाठ
टीवरची डिस्क ओबी (हद्दीबाहेर) गेली, झाडाला आपटून टीपासून २० मीटरवरच पडली किंवा काटेरी झुडपात शिरली, तर तिथेच वापरा. ओबीला तसाही एका फेकीचा दंड आहे, जादा फेक चांगली पडली तर दोन्ही वाचतात. डिस्क उघड्यावर, बास्केटपासून १५-२० मीटरवर असेल तर थांबा. तिथून अप्रोच जवळ पडतोच, पट सुटला तर जादा फेक हाताशी राहते. आणि ३ मीटरच्या आतल्या पटसाठी राखून काही उपयोग नाही, तो बसणारच.

एक अट पहिल्या होलच्या आधी सगळ्यांना सांगा. जादा फेक आधीची फेक जिथून केली तिथूनच आणि लगेच करायची. पुढची फेक झाल्यावर "मघाची टी परत टाकतो" चालणार नाही. म्हणून मिनी (जागेची खूण करायची छोटी डिस्क) उचलायची घाई नको. डिस्क थांबली, बघितली, मग ठरवायचं.

पूर्णामाय (हिंगोली)
मिनीचा मुद्दा जोड्यांनाही लागू आहे, आणि घोळ जास्त तिथेच होतो. निवडलेल्या डिस्कच्या पुढे बास्केटच्या बाजूला मिनी ठेवायची, डिस्क उचलायची आणि दोघांची फेक होईपर्यंत मिनीला हात लावायचा नाही. नियमाप्रमाणे मिनीच्या मागच्या कडेपासून मागे ३० सेंटिमीटर आणि २० सेंटिमीटर रुंद एवढ्या चौकटीत पाय टेकलेला हवा. पहिला गडी फेकून झाल्यावर सवयीने मिनी उचलतो आणि दुसरा अंदाजाने उभा राहतो. तो अंदाज नेहमी बास्केटकडेच सरकलेला असतो!

सर्कलच्या आत, म्हणजे १० मीटरच्या आत, फेकल्यावर तोल सावरून उभं राहिल्याशिवाय पुढे पाऊल टाकायचं नाही. हेही दोघांनी पाळायचं.

काळीमाती (बीड)
पावसाळ्यात आपल्या रानात मिनी ठेवली की रुतते, उचलताना ढेकूळ घेऊन येते. कोणतीही चटक रंगाची मिनी घ्या. काळी, तपकिरी, गडद हिरवी सापडतच नाही. उन्हाळ्यात जमिनीला भेगा पडतात, त्यात डिस्क उभी रुतते ते वेगळंच. ती जिथे रुतली तीच जागा धरायची.

बालाघाट
मला कॅलीपेक्षा दुसरा उपाय सोपा वाटतो. एकट्याला प्रत्येक जागेवरून दोन डिस्क टाकू द्या. तो स्वतःच स्वतःचा जोडीदार. खामकाठ सरांच्या हिशेबाने बरोबरी अचूक होते आणि "कधी वापरू" हा प्रश्नच नाही.

गोदाकाठ
बालाघाटभाऊ, गणित बरोबर आहे पण खांदा विचारात घ्या. बेस्ट शॉटमध्ये जोडी होलमागे ५-६ फेका करते, त्या दोघांत वाटल्या जातात. एकट्याने केल्या तर १८ होलमध्ये शंभराच्या आसपास. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असताना आठ वाजताच कोपर बोलायला लागतं. शिवाय दुसरी फेक पहिलीच्या पाठोपाठ, त्याच हाताने, त्याच जागेवरून. पहिली कुठे चुकली ते ताजं असतं, म्हणून दुसरी सहसा सुधारते. जोडीला हा फायदा तसाच मिळत नाही.

९ होल असतील आणि हवा थंड असेल तर चालेल. १८ ला कॅलीच.

मांजरा
डाव बदला ना मग! बेस्ट शॉटच कामून खेळायचं? आलटून-पालटून खेळा. टीवरून एक, पुढची दुसरा, मग परत पहिला. विषम होलची टी एकाची, सम होलची दुसऱ्याची. एकटा गडी साधा एकटाच खेळतो, त्याला जादा काहीच द्यायची गरज नाही. जोडीला दोन संधी नाहीतच मुळी.

खामकाठ
हा मुद्दा माझ्याकडून सुटला होता. मांजरादादांचं अगदी बरोबर. आलटून-पालटून डावात जोडीची ताकद दोघांच्या मधोमध येते, वरती जात नाही. पत्त्याने जोड्या काढल्या असतील तर एकट्याला तोटाही नाही, फायदाही नाही. विषम गडी असतील तर हा सगळ्यात स्वच्छ डाव. एकच काळजी घ्या. एकटा उरणारा गटातला सगळ्यात पक्का गडी निघाला, तर सगळ्या जोड्या मागे पडतील.

वाईट फेक निवडायचा कडक डाव खेळत असाल तर उलटं होतं. तिथे दोघांचाही पट बसावा लागतो. ४० टक्केवाले दोघे असतील तर १६ च टक्के. एकटा ४० वर. म्हणून तिथे एकट्यानेच प्रत्येक वेळी दोन टाकून वाईट घ्यायची, नाहीतर तो सहज जिंकेल.

चौथा प्रकार, प्रत्येकाने आपापली डिस्क शेवटपर्यंत खेळायची आणि जोडीतला कमी आकडा धरायचा. यात एकट्याला "भुताचा जोडीदार" देतात. भूत प्रत्येक होलवर पार मारतं. एकट्याच्या ५ झाल्या तर भुताचे ३ धरायचे.

हुरडा_पार्टी
हे भूत मला पाहिजे. पावसापाण्यात पण वेळेवर येतं.

पूर्णामाय
भुताबद्दल सावध राहा. नव्या गड्याला पारचा जोडीदार म्हणजे लॉटरी, कारण बाकीच्या नव्या जोड्यांना पार मिळायला मारामार असते. पक्क्या गड्याला मात्र भुताचा काडीचा उपयोग नाही, तो स्वतःच पारच्या खाली खेळतो. गट मिश्र असेल तर कठीण ३-४ होलवर भुताला पारपेक्षा एक जास्त द्या.

काळीमाती
गल्ली क्रिकेटमधला "कॉमन" कुणी सुचवला नाही अजून! ५ जण असतील तर दोन जोड्या, पाचवा दोन्हीकडून. विषम होलला या जोडीत, सम होलला त्या जोडीत.

बाभूळबन
काळीमाती अण्णा, आमच्याकडे हे होतं. अडचण अशी की ९ होल असल्याने एका जोडीला ५ वेळा तिसरा गडी, दुसरीला ४ वेळा. आणि कॉमनवाल्याला जिंकायला काहीच नसतं.

काळीमाती
मग ८ खेळा नाहीतर १८. आणि तिसरा आला म्हणून तिघांनी फेकायचं नाही. ज्याची डिस्क निवडली त्याने पुढच्या फेकीला थांबायचं, दुसऱ्या दोघांनी फेकायची. मोठ्या गोल्फमध्येही असा डाव आहे. टीवर कोण थांबणार ते पाळीने. म्हणजे प्रत्येक वेळी दोनच फेका. तिघांची टीम करायचीच असेल तर अशी करा.

कॉमनवाल्याला काहीच नसतं हे मात्र खरं. त्यावर उपाय नाही माझ्याकडे.

खामकाठ
उपाय आहे. टीमचे गुण मोजणं सोडा, माणसाचे मोजा. ५ जणांमध्ये जोड्या होऊ शकतात १०. एक बाहेर ठेवला की दोन जोड्या, आणि असे ५ फेर केले की १० च्या १० जोड्या बरोबर एकदाच लागतात. कागदावर उतरवून घ्या:

अ एकटा: ब-इ, क-ड
ब एकटा: अ-क, ड-इ
क एकटा: ब-ड, अ-इ
ड एकटा: क-इ, अ-ब
इ एकटा: अ-ड, ब-क

प्रत्येक फेर २ होलचा. एकटा बसत नाही, कॅली घेऊन खेळतो. होल जिंकला की जोडीतल्या दोघांना एकेक गुण, एकट्याने जिंकला तर त्यालाही एक. बरोबरी झाली तर गुण पुढच्या होलवर. प्रत्येक जण प्रत्येकाबरोबर खेळतो आणि प्रत्येक जण एकदा एकटा. नऊ होलच्या मैदानावर पहिला होल पुन्हा खेळला की १० भरतात.

७ जणांचंही जमतं. २१ जोड्या, फेरात ३, असे ७ फेर. पण त्याला १४ होल लागतात आणि सात जणांचा घोळका हळू चालतो. ७ ला मी फेर लावणार नाही. ४ जणांचा एक गट, आणि एक जोडी अधिक कॅलीवाला असा तिघांचा दुसरा. तिघांना पुढे सोडा, ते लवकर सरकतात.

मांजरा
आणि तिघेच आले तर?

खामकाठ
एक विरुद्ध दोन. होलागणिक एकटा बदलायचा, ९ होलमध्ये प्रत्येक जण ३ वेळा एकटा. एकट्याला कॅली. एकटा जिंकला तर २ गुण, जोडी जिंकली तर दोघांना एकेक.

बालाघाट
सगळ्यात भांडणाची गोष्ट राहिली. एकटा कोण होणार? पक्क्या गड्याला करा म्हणजे झालं.

पूर्णामाय
बालाघाटभाऊ, दर वेळी पक्क्यालाच एकटं पाठवलं तर नव्यांना त्याच्याबरोबर खेळायला कधी मिळणार? जोडीत नवा गडी शिकतो तो याच्यामुळे. वारा डावीकडून आहे, डिस्क किती तिरपी सोडायची, ड्रायव्हर (लांब फेकीची डिस्क) ठेवून मिडरेंज (मधल्या पल्ल्याची) कामून काढायचा, हे फेकीच्या आधी कानावर पडतं. आणि आपली फेक झुडपात गेली तरी जोडीदाराची चालते, म्हणून तो न घाबरता फेकतो.

तेवढ्याचसाठी पहिल्यांदा आलेल्याला एकटं कधीच करू नका. पत्त्यात निघाला तरी त्याला बदलून घ्या. बाकीच्यांसाठी नशीब.

गोदाकाठ
पूर्णाताईंना पूर्ण पाठिंबा. पत्त्यांची पद्धत लिहितो. ७ जण असतील तर २ एक्के, २ राजे, २ राण्या आणि १ जोकर. सारखा पत्ता ती जोडी, जोकर तो कॅली. ५ ला राण्या काढून टाका, ९ ला गुलाम घाला. गड्यांमध्ये फार तफावत असेल तर दोन ढीग करा. पक्क्यांच्या ढिगात एक्का, राजा, राणी आणि जोकर, नव्यांच्या ढिगात एक्का, राजा, राणी. जोकर आपोआप पक्क्यांकडेच जातो, पण कोणत्या पक्क्याकडे ते नशिबावर. बालाघाटभाऊ आणि पूर्णाताई दोघांचंही भागतं.

गेल्या रविवारी जोकर ज्याला निघाला त्याला या रविवारी परत निघाला तर पुन्हा काढा. वहीत नोंद ठेवा.

बालाघाट
दोन ढिगांचं पटलं. माझं मागे घेतो.

काळीमाती
उशिरा येणाऱ्यांचं काय? ६ ला ७ जण, सव्वासहाला आठवा गाडी लावायलाय.

गोदाकाठ
पुढच्या टीपासून कॅलीवाल्याचा जोडीदार. चालू होल एकट्याने जादा फेकेसह पुरा करायचा, त्यानंतर जादा फेक बंद. झालेले आकडे तसेच. आणि मधेच कुणाला जावं लागलं तर मागे राहिलेल्याला पुढच्या टीपासून कॅली सुरू. कुठल्याच परिस्थितीत जोड्या मोडून परत लावायच्या नाहीत, नाहीतर आकड्यांचा मेळ बसत नाही.

हुरडा_पार्टी
डाव पैशाचा असेल तर? माणशी २० रुपये काढले, एकटा जिंकला. जोडीचे दोन्ही वाटे त्याचे?

पूर्णामाय
एकाने २० भरले तर एक वाटा. दुसरा वाटा डिस्कच्या डब्यात. गाजरगवतात दर महिन्याला एखादी डिस्क जातेच, नव्या येणाऱ्याला द्यायलाही डिस्क लागतात. पण हे आधी सांगा. जिंकल्यावर सांगितलं तर त्याला वाटतं आपल्यासाठीच नियम काढला.

मांजरा
कॅलीची टीवरची जादा फेक सरळ बास्केटमध्ये गेली तर एक फेकेत होल धरायचा का?

गोदाकाठ
धरायचा. जोडीत दुसऱ्याने टाकली असती तर धरलीच असती. पहिल्याच फेकेत होल मारणाऱ्यासाठी वेगळा गल्ला असेल तर त्यात जादा फेक धरायची की नाही ते तेवढं आधी ठरवा. गल्ल्यासाठी मी धरणार नाही, कारण बाकी सगळ्यांना टीवर एकेकच फेक असते.

खामकाठ
बाभूळबन, तुमच्या मैदानाबद्दल एक. ६ होलवर झाडाचं खोड आहे. खोडाला लागली की होल संपला, म्हणजे साखळीतून बाहेर उडणं नाही, कडेला आपटून पडणं नाही. तिथे पट बास्केटपेक्षा सोपा आहे. म्हणून कॅलीवाल्याने झाडाच्या होलवर जादा फेक टीवर मोकळ्या हाताने वापरावी, बास्केटच्या होलवर जपावी. चुन्याचे पट्टे मात्र जवळ आणा. दोन पट्ट्यांत ५०-६० सेंटिमीटर अंतर ठेवा, नाहीतर जोडीच्या दोन फेकांपैकी एक लागतेच आणि होलमध्ये काही रस राहत नाही.

बाभूळबन
मंडळी, सगळं उतरवून घेतलं. येत्या रविवारी असं करायचं ठरवतोय:

५ जण आले तर खामकाठ सरांचे फेर, १० होल, प्रत्येकाचे स्वतंत्र गुण. ७ किंवा ९ आले तर दोन ढिगांचे पत्ते, जोकरला कॅली. पहिल्यांदा आलेला एकटा नाही. जादा फेक त्याच जागेवरून, लगेच. महिन्यातला शेवटचा रविवार आलटून-पालटून, तेव्हा कॅली नाही. पट्टे शनिवारी संध्याकाळी नव्याने मारतो.

एकच शंका. ९ आले तर दोन गट कसे? ४ आणि ५?

गोदाकाठ
हो. पहिला ४ चा, मागे दोन जोड्या आणि कॅली मिळून ५. तीन गट केले तर ९ होलच्या मैदानावर टीवर गर्दी होते. ५ च्या गटात कॅलीवाल्याने प्रत्येक होलला सगळ्यात आधी फेकावं, म्हणजे जादा फेक वापरायची की नाही हे तो दुसऱ्यांच्या डिस्क बघून ठरवणार नाही.

मांजरा
हे शेवटचं पटलं नाही. जोडीतला दुसरा गडी पहिल्याची फेक बघूनच फेकतो. मग एकट्यानेच आंधळं कामून ठरवायचं?

गोदाकाठ
तो *आपल्याच* जोडीदाराची बघतो, समोरच्या टीमची नाही. पण ठीक आहे, पहिल्या होलची पाळी पत्त्याने आणि पुढे ज्याने होल जिंकला तो आधी, असं ठेवलं तरी बिघडत नाही.

मांजरा
हां, हे चालेल.

काळीमाती
बाभूळबन, पत्त्याच्या कॅटमधला जोकर आधी तपासून घ्या. बहुतेक घरात तोच हरवलेला असतो. नसेल तर इस्पिकची दुर्री धरा.